टोकणारा संगणक

आई गेल्यावर महिन्याभराने नीरजाने घरातला जुना संगणक द्यायला काढला. दुसऱ्याच दिवशी तान्ह्या बाळाला घेऊन एक जोडपं आलं.

"आमच्याकडे मोठं माणूस कुणी नाही," बायको म्हणाली. "नव्या संगणकांना सगळं येतं, पण ते टोकत नाहीत."

"हा आईकडून शिकलाय, फार टोकतो," नीरजा म्हणाली. "तिचं सगळं पुसून देते." आईचं बोलणं परक्या घरी द्यायला तिचं मन घेत नव्हतं.

बाळ रडू लागलं, तसा संगणक आईच्या सुरात म्हणाला, "पाय पोटाशी घेतोय बघ. ओव्याच्या पुरचुंडीने शेक. आणि तू जेवलीस का गं?"

"मी विचारलं होतं," नवरा पुटपुटला.

"तू चहाचं विचारलंस," म्हणत तिने डोळे टिपले.

नीरजाने काहीही न पुसता संगणकाच्या तारा सोडवायला घेतल्या.