न धुतलेला सदरा

पंच्याऐंशी साली तुळशीराम तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या दाण्यांत पावडर कालवायचा. मशीनमध्ये तापली की ती पावडर वायू होऊन उडून जायची आणि तिच्या जागी बारीक भोकं उरायची. एकदा त्याने त्या पांढऱ्या प्लास्टिकचा मोठा तुकडा करावे गावातल्या घरी आणला आणि बायकोपुढे धरला.

"चंदे, यात भोका हायेत. डोल्याला दिसाची नाय, पन हवा जाते."

चंदाने तुकड्याची झोळी करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. थेंबही गळला नाही.

"भोका तुज्या डोक्यात हायेत," म्हणत ती पोट धरून हसली.

त्याच पावसाळ्यात तुळशीराम काविळीने गेला. खुंटीवरचा त्याचा सदरा चंदाने धुतला नाही. त्याचा वास उडून जाऊ नये म्हणून तिने तो त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळला, मेणबत्तीवर सगळ्या कडा नीट चिकटवल्या आणि माळ्यावर ठेवून दिला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी तिने प्लास्टिक कापलं आणि सदरा नाकाशी नेला. त्याला वास होता, तो माळ्यावरच्या सुक्या बोंबलांचा.


तुळशीरामने काम चोख केलं होतं.