पाचाचे दोन

सत्त्याऐंशी सालच्या एका रविवारी दुपारी नणंदेने टाकलेला फासा टेबलावरून घरंगळत गेला आणि पाचावर थांबला. वहिनीने वाकून पाहिलं आणि सांगितलं, "दोन."

नणंद जन्मापासून आंधळी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निम्म्या शहराचे आवाज तिच्या ओळखीचे. फासा कुठेही जाऊन पडे, म्हणून किती पडले ते सांगायचं काम वहिनीने पहिल्या दिवसापासून अंगावर घेतलं होतं. सांगून झालं की ती फासा तसाच सरकवत नणंदेच्या हाताशी नेऊन ठेवी. उचलण्याआधी नणंद त्याच्यावरून अंगठा फिरवी. वहिनीला ती सवय वाटे.

हा खेळ ग्रंथपालांनी काढला होता. देणगीत आलेल्या खोक्यात त्यांना त्याचं पुस्तक सापडलं. रविवारी वाचनालय बंद असे, तेव्हा वरच्या खोलीत चौघं जमत. ग्रंथपाल गोष्ट सांगत. बाकीचे तिच्यातली माणसं होत आणि आपण आता काय करतो ते बोलत. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवी; आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. वहिनी सरदार होती, नणंद नावाडीण. तांत्रिक शाळेतले सुतारकामाचे मास्तर वैद्य होते, आणि बहुतेक वेळ गप्प असत. फासा मात्र त्यांनीच केलेला, लाकडाचा, गिरमिटाने खोल ठिपके पाडून.

वहिनी सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढायची. नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. कुठल्या तलवारीने किती इजा, अंधारात किती पावलं, कुणी विचारायचा अवकाश. पण जिना उतरताना सगळे आठवून हसत, ते नावाडिणीचं बोलणं. तेवढ्यावरून वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. पाचाचे दोन केले तेव्हा तिने स्वतःला बजावलं, एकदाच. पुढच्या रविवारी चाराचा एक झाला. मग सहाचे तीन.

झालं उलटंच. फसलं की नणंद खुलायची. होडी बुडाली, तर तिने बुडता बुडता वैद्याला हाक मारली आणि मास्तरांना जन्मात पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलायला लावलं. पहारेकऱ्याने पकडलं, तर त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत बसली, तोवर सरदार मागच्या दाराने आत.

ग्रंथपाल एकदा म्हणाले, "वहिनी, नियम तुम्हाला येतात. खेळ हिला येतो."

सगळे हसले. वहिनीही हसली. घरी जाताना नणंद नेहमीसारखी तिचं कोपर धरून रस्ता ओलांडू लागली, तेव्हा वहिनीला ते कोपर कुठे लपवू असं झालं. तरी तिची खोड गेली नाही.

वर्ष सरता सरता गोष्ट संपायला आली. शेवटच्या रविवारी वहिनीला एक पडला आणि सरदार चिलखतासकट नदीत गेला. नावाडिणीला पाच किंवा सहा पडले, तरच तो वर येणार होता. नणंदेने फासा टाकला. सहा.

वहिनी वाकून ठिपक्यांकडे पाहतच राहिली. इतके दिवस खोटं सांगितलं ते स्वतःसाठी, आणि आज खरं सांगायचं तेही स्वतःसाठीच. अखेर ती "सहा" म्हणाली आणि तिने फासा सरकवला. मास्तर टाळ्या पिटू लागले. त्या गलक्यात नणंदेने अंगठा फिरवला, वहिनीच्या कानाशी झुकली आणि हळूच म्हणाली, "आज बरोबर वाचलंस, वहिनी."

घरापर्यंत वहिनीने मान वर केली नाही. दारात कुलूप उघडताना तिने कसंबसं विचारलं, "कधीपासून कळलं होतं?"

"पहिल्या दोनापासून. राहू दे गं. तू बुडवलंस म्हणून तर मास्तर बोलायला लागले."

ग्रंथपाल निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मास्तरांनी हा खेळ शाळेत नेला. मुलं त्यांना अजून वैद्यबुवा म्हणतात. एक्स्चेंज बंद पडल्यावर नणंद चौकशी विभागात गेली आणि तिथली मुख्य होऊन बाहेर पडली. साठीनंतर काचबिंदूने वहिनीची नजर गेली. आता दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघीच खेळतात, त्याच फाशाने. वहिनी टाकते, नणंद टेबलावर हात फिरवून तो शोधते आणि अंगठ्याने वाचून सांगते. स्वतः बोट लावून पाहायचा धीर वहिनीला होत नाही. सहा वर्षं झाली, वहिनीला अजून एकदाही एक पडलेला नाही.