पाण्यातला चष्मा

गुप्तेबाईंच्या पडवीत पाय ठेवल्याठेवल्या जिजाने पदराखालचं फडकं सोडलं आणि पोहण्याचा चष्मा दोन्ही हातांनी पुढे केला. चष्म्याच्या दोन्ही वाट्यांत तिने मावतील तेवढे वाल भरून आणले होते. दुसऱ्याची वाटी परत करायची ती घासून लख्ख, आणि आत घरचं काहीतरी घालून. रिकामी द्यायची नाही. हे जिजाच्या हाडात मुरलेलं. मग शाळेच्या बाईंची, तीही मुंबईहून आणलेली वस्तू नुसतीच कशी द्यायची?

"अगंबाई, वाल!" गुप्तेबाई हसल्या. "जिजाबाई, अहो ही वाटी नाही."

"ऱ्हाऊ द्या वो. घरचे हायेत, कडवे. बिरडं करा."

मागे तिची लेक पारू छाती काढून उभी होती. उद्या खालापूरला तळ्यावर मुलींची शर्यत, आणि दहिवलीतून एकटी तीच जायची होती. नदीत तिला कुणी गाठत नसे. फक्त ती डोळे मिटून पोहायची आणि भलतीकडेच निघायची. म्हणून बाईंनी आपला चष्मा महिनाभर तिच्याकडे दिला होता. आज परत आण, उद्या मीच बरोबर घेऊन येईन, असं त्यांनी सांगितलं होतं. जिजा मुद्दाम बरोबर आली होती.

बाईंनी वाल सुपात ओतले आणि चष्मा उजेडाकडे धरला. त्यांचं हसू विरलं. काचा म्हणायच्या, होतं प्लास्टिकच. ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं. बाईंनी पदराने पुसून पाहिलं. जाईना. मग त्यांनी पट्टा न लावता चष्मा डोळ्यांवर नुसता दाबून हात सोडला. दुकानात त्यांनी असेच सात चष्मे दाबून पाहिले होते आणि जो आपसूक चिकटून राहिला तोच घेतला होता. पारूने ही गोष्ट घरी दहादा सांगितली होती. आजही तो चिकटला. पण बाई मान इकडेतिकडे करत राहिल्या. समोर जिजा उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

"कोणी घासला हा?"

जिजाच्या ओठांवर 'मी' आलेलंच होतं. कौतुक व्हायचं म्हणून. सकाळी काचांना शेवाळ धरलेलं दिसलं, तशी पारू पाण्याला गेली असताना तिने चुलीतली राख घेतली आणि काथ्याने तो घसाघसा घासला, पितळेचा तांब्या घासतात तसा. धुतल्यावर कसा चकाकत होता! ओलाच तिने फडक्यात बांधला, सुकल्यावर कसा दिसतो ते बघितलंच नाही. आता बाईंनी चष्मा काढला, त्यांचा चेहरा तिला दिसला, आणि तिने ते 'मी' गिळून टाकलं.

"मी, बाई," पारू म्हणाली.

जिजाने मान वळवून पोरीकडे बघितलं. पोर बाईंकडे बघत होती.

"तू? किती वेळा सांगितलं, पारू? साधं पाणी ओतायचं, सावलीत सुकवायचा, आतून बोटसुद्धा लावायचं नाही. सांगितलं होतं की नाही?"

"हो, बाई."

"मग घासलास कशाला? आणि कशाने?"

पारूने बाईंच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं. कशाने, ते तिला ठाऊकच नव्हतं.

"उद्या तू यायचं नाहीस. तुझ्या जागी मी वर्गातल्या मैनाला नेते. एवढीशी वस्तू सांभाळता येत नाही!" आणि मग बाई जिजाकडे वळल्या, आवाज मऊ करून. "तुम्ही तरी काय करणार, जिजाबाई? दिवसभर रानात राबायचं. हल्लीच्या पोरी ऐकतात का?"

आणि जिजाने मान हलवली. हलवायची नव्हती, हलली. वर तोंडातून निघालं, "नाय ना ऐकत."

रस्त्याला लागल्यावर पारू पुढे, जिजा मागे. ऊन टाळूवर आलं होतं. शेवटी जिजाला राहवेना.

"तू कशापायी म्हनालीस गं, मी म्हनून?"

"मला काय, बाई रोजच वरडतात. तुला बोलल्या असत्या, तर तू परत कधी बाईंसमोर आली असतीस का? मागं शाळंत सहीला बोलावलंन आनि अंगठा केलास, तवापासनं आजच आलीस."

जिजाने पदर कपाळापर्यंत पुढे ओढला.

"आनि मैना काय जिंकतेय!" पारू म्हणाली. "तळ्याच्या मधनंच माघारी वळंल ती. बाईंनाच उडी मारून काढावी लागंल तिला." ती हसली. मग एकाएकी खाली बसली आणि पायातला काटा काढायला लागली. काटा नव्हता.

जिजाने तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. मग माघारी वळली.

"आये, कुठं चाललीस?"

जिजा थांबली नाही. बाईंनी उन्हासाठी दार लावून घेतलं होतं. ती पडवीत चढली. 'मीच घासला,' एवढंच सांगायचं होतं. पण पाय परत पायरीकडेच ओढत होते. तिने कडी धरली आणि वाजवली, नुसती नाही, खणखणून, पळून जायला जागा उरू नये इतक्या जोरात. शेजारची दोन दारं उघडली, तरी ती वाजवतच राहिली.