गंगेचा गडू

दोन मुदती संपल्यामुळे राज्याच्या गव्हर्नरला पुन्हा निवडणुकीला उभं राहता येणार नव्हतं. मोकळी खुर्ची दिसली आणि नकुल स्वतःच्या प्रचारात जो घुसला, तो ॲन आर्बरच्या घरी आजारी आईकडे फिरकलाच नाही. आला तो थेट मतदानाच्या आदल्या आठवड्यात. सोबत एक माणूस होता. त्याच्या धाकट्या बहिणीला, रत्नाला वाटलं, ड्रायव्हर असेल.

मुलाच्या हातचं गंगेचं पाणी तोंडात पडावं, एवढ्यासाठीच आईनं जीव धरून ठेवला होता. काशीहून आणलेला गडू रत्नानं फोडला. नकुलनं आईला चमचाभर पाणी पाजलं. रत्नाचा सगळा राग विरघळला.

"वन मोअर टाइम," मागून आवाज आला. त्या माणसाच्या हातात कॅमेरा होता.

नकुलनं कोट काढला, बाह्या दुमडल्या, खिडकीचा पडदा सरकवला आणि पुन्हा चमचा आईच्या ओठांना लावला. पाणी गालावरून उशीवर ओघळलं.

"रत्ना, तिचं डोकं जरा वर धर ना, प्लीज. सगळं बाहेर येतंय."

"दादा, आई गेली. मघाशीच. पहिल्या चमच्याला."

नकुलनं क्षणभर डोळे मिटले. मग मागे वळून म्हणाला, "ओके. देन यूज द फर्स्ट टेक."