नाईलच्या जाळ्यातली सुंठ

जाळं ओढण्याआधी बद्राननं कंबर दाबून धरली आणि होडीतल्या फिरंगी प्रवाशाला तेच सांगायला घेतलं, जे बापाच्या माघारी तो आजवर सांगत आला होता. नाईल स्वर्गातून निघते. तिथली झाडं वाऱ्यानं हलली की सुंठ आणि दालचिनी पाण्यात पडते. इथल्या फुस्तात शहरातले लोक संध्याकाळी जाळी लावतात आणि सकाळी माल काढतात.

हे सांगताना तुम्हाला हसू कसं येत नाही, असं बायको विचारायची. हसायला अंगात त्राण लागतं, असं तो म्हणे.

सुंठ मलबारातून जहाजानं येते, हे फुस्तातच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फिरंग्यांना तेवढं कळू द्यायचं नव्हतं. त्यात होडीतला हा जानीनो जे दिसेल ते लिहून काढणारा. मसालेवाल्यांच्या पंचांनी बद्रानला बजावलं होतं, की हा मलबारच्या वाटेला लागला तर उद्या त्याच्यामागून त्याचं अख्खं गाव जाईल, आणि बाजारातलं पहिलं दुकान तुझं बंद होईल.

जानीनोला संशय होताच. एडनच्या कुणा खलाशानं त्याचे कान भरले होते. जाळ्यात काही निघालं नाही तर दुपारी तांबड्या समुद्राकडे निघतो, उंट ठरवलेत, असं त्यानं अगदी सभ्यपणे सांगून टाकलं होतं.

बद्रान निर्धास्त होता. तांबडं फुटायच्या आत जाळ्यात सुंठ बांधून जायचं काम मेव्हण्याकडे होतं. खलफ आळशी होता, पण या कामात आजवर चुकला नव्हता.

जाळं जड लागलं. कंबरेत कळ आली. वर निघालं ते सुंठ नव्हे, ओलं आलं होतं, चिखलानं माखलेलं, हिरवे कोंब फुटलेलं. बद्रानच्या कपाळाला आठी पडली. सुंठ सांगितली तर या दीडशहाण्या खलफनं ओलं आलं कुठून पैदा केलं? आता प्रत्येक फिरंग्याला ओलंच हवं असणार.

जानीनो गुडघ्यांवर बसून रडला. एक तुकडा चावला, तो झोंबला म्हणून आणखी रडला.

"मालक, माफ करा," तो म्हणाला. "मी तुम्हाला खोटारडा समजत होतो."

"सगळेच समजतात. जरा मध्ये सरका, होडी कलतेय."

काठाला लागताच जानीनो उंट परत पाठवायला धावला. दुकान वाचलं होतं. बद्रान वाळूतच बसला. आनंद व्हावा इतकी ताकद उरली नव्हती.

तेवढ्यात वेशीकडून खलफ धापा टाकत आला. खांद्यावर पिशवी होती.

"शिव्या नंतर घाला, दाजी. जकातवाल्यानं पहाटेपासून अडकवून ठेवलं होतं, आत्ता सोडलं. जाळं अजून ओढलं नाहीत ना? पटकन सुंठ बांधून येतो."