टीव्हीच्या किमतीत

"टीव्हीचा आवाज बसलाय, आता नवाच घेऊ," असं आमचे हे महिनाभर घोकत होते. शेजारच्या वहिनींना मात्र आमच्या बातम्या भिंतीपलीकडून पाठ व्हायच्या. शेवटी दुकानाच्या वाटेवरच मी यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे वळवलं. ऐकू येण्याच्या यंत्राची किंमत वाचून हे उसळले, "एवढ्याशा दाण्याचे एवढे? यात भिंतभर टीव्ही येईल!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आधी एका कानात घालून तर बघा," म्हणत बाईंनी यंत्र बसवलंसुद्धा. मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "घरी गेल्यावर चहा टाकू?" यांनी चमकून पाहिलं. "असं रोज विचारतेस?" "रोज. सकाळची प्रार्थना झाली की पहिलं तेच." हे पुटपुटले, "मला वाटायचं, तू माझ्याशी बोलणंच सोडलंस." आणि पाकीट काढून बाईंना म्हणाले, "दुसऱ्या कानाचंही द्या."