बाहीचं बटण

घामावरून रक्तातली साखर सांगणारा पट्टा बनवला वहिनीने. पेटंट मात्र दिराने गुपचूप स्वतःच्या नावावर घेतलं. आज खरेदीदारांसमोर त्याने तिला शोभेला कोपऱ्यात बसवलं, ऐटीत पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला, आणि पडद्यावरचा आकडा माकडासारखा उड्या मारू लागला. वहिनी गालातल्या गालात हसली. पट्टा आजवर तिने स्वतःच्याच अंगाशी जुळवला होता. इतरांवर तपासायच्या आतच या शहाण्याने प्रयोगशाळेचं कुलूप बदलून तिला हाकललं होतं. खरेदीदार चुळबुळ करू लागले तसं दिराच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टा काढून तो तिच्या कानाशी गुरकावला, "वहिनी, हात पुढे करा. घरची अब्रू घालवणार का?" सवयीने तिची बाही कोपरापर्यंत वर गेली होती. तिने ती सावकाश खाली ओढली, बटण लावलं. "भाऊजी, शोध तुमचा ना? मग हात माझा कशाला?"